सेकंदाला एक पाउंड

समोर पाउंडाच्या नाण्यांची रास आहे असं समजा आणि ती मोजायला बसा. चाल एकच, दर सेकंदाला एक नाणं. जेवायला उठायचं नाही, झोपायचं नाही, रात्रंदिवस मोजत राहायचं.

१९०२ च्या जानेवारीत मँचेस्टरमधला न्यूटन हीथ नावाचा फुटबॉल क्लब २,६७० पाउंडांच्या देण्यापायी बंद पडायच्या बेताला आला होता. आपल्या चालीने ही रक्कम मोजायला साडेचव्वेचाळीस मिनिटं लागतात. फुटबॉलचा पूर्वार्ध पंचेचाळीस मिनिटांचा. म्हणजे सामना सुरू होताना मोजायला बसलात तर मध्यंतराची शिटी वाजायच्या अर्धं मिनिट आधी क्लबचं सगळं देणं पुढ्यात मोजून तयार असेल.

तोच क्लब नाव बदलून मोठा झाला आणि १०३ वर्षांनी विकला गेला. किंमत ७९ कोटी पाउंड. १२ मे २००५ या दिवशी ती रास मोजायला बसलेला माणूस अजून मोजतोच आहे. तो उठेल २०३० च्या मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात. बसताना पंचविशीत असेल तर उठताना पन्नाशीचा झालेला असेल.

महागाईचा हिशेब धरायला हवा, हे खरं. १९०२ चा एक पाउंड आजच्या शंभरांच्या बरोबरीचा धरू. तरी ते जुनं देणं मोजायला तीन दिवस आणि वर दोन-अडीच तास पुरतात. इकडे तीन दिवस, तिकडे पंचवीस वर्षं. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांचा राग आणि त्यांची जिद्द आहे. ती मला आकड्यांच्या वाटेनेच सांगायची आहे, कारण या माणसांनी घोषणा तर दिल्याच, पण ताळेबंद वाचायलाही ती शिकली. शनिवारी सामन्याला जाणारा माणूस रोख्यांचा व्याजदर तोंडपाठ सांगू लागला, ही गोष्ट मला त्या ७९ कोटींइतकीच थक्क करणारी वाटते.

न्यूटन हीथ हा कामगारांचा संघ. लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे आणि वाघिणी बनवणाऱ्या खात्यातल्या माणसांनी तो १८७८ साली उभा केला. अंगात हिरवा-सोनेरी सदरा. देणी थकली तेव्हा पैसे जमवायला क्लबने बाजार भरवला. कर्णधार हॅरी स्टॅफर्डचा सेंट बर्नार्ड जातीचा कुत्रा गळ्यात दानपेटी अडकवून तिथे फिरत होता. तो कुत्रा भरकटला, बिअरच्या भट्ट्यांचा मालक असलेल्या जॉन हेन्री डेव्हिसच्या हाती लागला आणि त्या ओळखीतून डेव्हिस क्लबात आला, अशी कथा आजही आवडीने सांगितली जाते. डेव्हिस आणि आणखी तिघांनी प्रत्येकी ५०० पाउंड काढले. क्लब वाचला, नाव मँचेस्टर युनायटेड झालं, सदरा लाल झाला. पुढे ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानासाठी डेव्हिसने ६० हजार पाउंड दिले. आपल्या मोजणीत सोळा तास चाळीस मिनिटं. १९१० च्या फेब्रुवारीत तिथे पहिला सामना झाला.

१९३१ च्या नाताळच्या तोंडावर क्लब पुन्हा गाळात गेला. खेळाडूंचे पगार द्यायला पैसे नव्हते. सैन्याचे गणवेश शिवणारा कारखानदार जेम्स गिब्सन पुढे आला आणि त्याने २,००० पाउंड दिले. तेहेतीस मिनिटांची मोजणी.

हे दोघेही बाहेरचे, पैसेवाले, धंदा करणारे. त्यांच्या विरोधात कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही. चाहत्यांना श्रीमंत माणूस चालत नाही, ही समजूत म्हणूनच मला पटत नाही. डेव्हिस आणि गिब्सन यांचा पैसा खिशातून निघाला आणि क्लबात आला. पैशाच्या वाहण्याची दिशा कोणती, इकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

१९ ऑगस्ट १९८९. मोसमातला पहिला सामना, पाहुणा संघ आर्सेनल. जमीनजुमल्याच्या व्यवहारांत पैसे मिळवलेला मायकल नाइटन खेळाडूंसारखा पोशाख करून मैदानात उतरला, पायावर आणि डोक्यावर चेंडू झेलत स्ट्रेटफर्ड एंड या स्टँडसमोर गेला आणि त्याने चेंडू जाळ्यात मारला. हा आपला नवा मालक, असं मानून प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा सौदा २ कोटींचा होता आणि काही आठवड्यांतच तो फिसकटला. २ कोटी मोजायला साडेसात महिने लागतात. तिथपर्यंत आकडा माणसाच्या आटोक्यात होता म्हणायचा.

मग क्लब शेअर बाजारात गेला आणि आकड्यांना पंख फुटले. १९९८ च्या सप्टेंबरात रूपर्ट मर्डॉक यांच्या बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीने ६२ कोटी ३४ लाख पाउंडांची बोली लावली. त्या महिन्यात मोजायला बसलेला माणूस २०१८ च्या जूनमध्ये, आपल्याकडे पाऊस सुरू होताना, उठला असता. या वेळी चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्यांच्याकडे थोडेथोडे शेअर होते त्यांनी संघटना बांधली, वकील आणि अर्थतज्ज्ञ गाठले, सरकारच्या मक्तेदारी आयोगाकडे लेखी बाजू मांडली. त्यांचा मुद्दा सरळ होता. सामने दाखवायचे हक्क विकत घेणारी कंपनीच ते विकणाऱ्या क्लबाची मालक झाली, तर ती व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना बसेल. एप्रिल १९९९ मध्ये सरकारने सौदा अडवला. त्यानंतर सात आठवडे उलटायच्या आत युनायटेडने लीग, एफए कप आणि युरोपचा करंडक अशी तिन्ही अजिंक्यपदं जिंकली. चाहत्यांनी स्वतःचा क्लब राखला आणि क्लबने त्यांना असा मोसम दिला. त्या पिढीला ते वर्ष विसरता येत नाही.

सहा वर्षांनी बोली आली ती फ्लोरिडाहून. माल्कम ग्लेझर, अमेरिकन फुटबॉलमधल्या टँपा बे बकनीअर्स संघाचा मालक. आणि या खरेदीची एक कडी चक्क घोड्यापर्यंत जाते. क्लबचे अठ्ठावीस-एकोणतीस टक्के शेअर जॉन मॅग्नियर आणि जे. पी. मॅकमॅनस या आयरिश जोडीकडे होते. मॅग्नियर घोड्यांच्या पैदाशीतला बडा माणूस. त्याची आणि प्रशिक्षक सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांची रॉक ऑफ जिब्राल्टर या शर्यतीच्या घोड्यावर भागी होती. घोडा निवृत्त झाल्यावर पैदाशीच्या कमाईत वाटा किती, यावरून दोघांत वितुष्ट आलं. वाद मिटला तरी मन विटलं ते विटलंच. १२ मे २००५ ला या जोडीने आपले सगळे शेअर तीन पाउंड भावाने ग्लेझर यांना विकले आणि त्या एका दुपारी क्लबचा बहुमताचा हिस्सा त्यांच्या हाती गेला.

आता आकड्याच्या पोटात शिरू. ७९ कोटींपैकी सुमारे दोन तृतीयांश रक्कम कर्जाची होती. अशा खरेदीत कर्ज विकत घेणारा काढतो, पण फेडण्याची जबाबदारी विकत घेतलेल्या कंपनीवर टाकतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. समजा, परगावचा एक माणूस तुमच्या भावकीची बागायत विकत घ्यायला येतो. बँकेतून कर्ज उचलतो आणि त्याचा बोजा त्याच जमिनीच्या सातबाऱ्यावर चढवतो. हप्ते जातात ते त्याच जमिनीच्या ऊसबिलातून. जमिनीवर काल दमडीचं कर्ज नव्हतं आणि आज ती कोट्यवधींनी बुडालेली आहे. खरेदीपूर्वी मँचेस्टर युनायटेडच्या सातबाऱ्यावर बोजा नव्हता. खरेदी झाली आणि पन्नास कोटी पाउंडांहून जास्त रक्कम तिथे लिहिली गेली.

२००६ साली या कर्जाची फेरमांडणी झाली. एकूण कर्ज ६६ कोटी, वर्षाचं व्याज ६ कोटी २० लाख. याला वर्षाच्या सेकंदांनी भागा. दर सेकंदाला जवळजवळ दोन पाउंड. आपला मोजणारा माणूस एक नाणं उचलून बाजूला ठेवेपर्यंत व्याजाची दोन नाणी चढलेली असायची. किंमत मोजण्यापेक्षा व्याज दुप्पट वेगाने धावत होतं. नव्वद मिनिटांच्या एका सामन्यात दहा हजारांहून जास्त पाउंड व्याज. १९०२ साली ज्या रकमेपायी क्लब बुडायला निघाला होता, तिच्या जवळजवळ चौपट रक्कम एका सामन्याच्या वेळात केवळ व्याजापोटी. त्यातल्या काही कर्जांचं व्याज भरलं न जाता मुद्दलात मिसळत जाई, म्हणजे सावकारी चक्रवाढ. २०१० च्या ऑगस्टमध्ये त्याचा दर सव्वासोळा टक्क्यांवर गेला. त्या काळात बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर अर्धा टक्का होता. अर्धा आणि सव्वासोळा! हे दोन आकडे शेजारी लिहिले की मला त्या चाहत्यांच्या घोषणांचा आवाज ऐकू येतो.

२९ जून २००५ ला ग्लेझर यांची तीन मुलं ओल्ड ट्रॅफर्ड पाहायला आली. बाहेर शेकडो माणसं जमली, रस्ते अडवले गेले आणि रात्री त्या तिघांना पोलिसांच्या गाड्यांतून बाहेर काढावं लागलं. त्याच सुमारास कायद्याचं एक कलम लहान भागधारकांच्या दारात येऊन उभं राहिलं. ठराविक उंबरठ्यापलीकडे शेअर एका हातात गेले की उरलेल्यांना आपले शेअर विकणं भाग पडतं. बापाने मुलाच्या नावाने घेतलेला एखादा शेअर असेल, तर त्याचेही तीन पाउंड हातावर ठेवले गेले. विकायचा नाही, असं म्हणायची सोय उरली नव्हती. तीन पाउंड, आपल्या मोजणीतले तीन सेकंद. या सगळ्या व्यवहारातला माझ्या मते सगळ्यात जड आकडा हाच आहे.

काही हजार माणसांनी मग वेगळी वाट धरली. त्याच उन्हाळ्यात त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा नवा क्लब काढला. एक सभासद, एक मत, मग देणगी कितीही द्या. सुरुवात इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या पायरीवरून. त्या पायरीवरच्या सामन्यांना दोन-अडीचशे माणसं आली तरी पुष्कळ. एफसी युनायटेडला पहिल्या मोसमात सरासरी तीन हजारांवर प्रेक्षक आले आणि एप्रिल २००६ मध्ये ग्रेट हारवुड टाउनविरुद्धच्या सामन्याला ६,०२३. पुढे सभासदांनीच शेअर घेऊन, निधी गोळा करून मॉस्टन भागात ब्रॉडहर्स्ट पार्क हे मैदान बांधलं. २०१५ च्या मेमध्ये तिथे बेनफिकाचा संघ उद्‌घाटनाचा सामना खेळून गेला. मैदानाचा खर्च साठ-पासष्ट लाख पाउंड, मोजायला सव्वादोन-अडीच महिने.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मॉस्टनची गोष्ट परकी वाटणार नाही. तिथे संघ कुणाचा असं विचारलं तर पेठेचं आणि तालमीचं नाव येतं. तो विकत घेता येईल ही कल्पनाच तिथल्या माणसाच्या डोक्यात येत नाही. मँचेस्टरच्या माणसालाही कधीकाळी ती आली नव्हती.

जे ओल्ड ट्रॅफर्डलाच जात राहिले, त्यांना फितूर म्हणणारे होते. मला ते अन्यायाचं वाटतं. आजोबांपासून चालत आलेली खुर्ची सोडणं आणि तिथे बसून विरोध करणं, दोन्ही सारखंच अवघड. बसून राहिलेल्यांनी २०१० च्या जानेवारीत आपला मार्ग शोधला. क्लबचं कर्ज ७१ कोटी ६५ लाखांवर गेल्याचं तेव्हा जाहीर झालं होतं आणि ५० कोटींचे नवे रोखे काढले जात होते. ओल्ड ट्रॅफर्डच्या लाल स्टँडांत हिरवे-सोनेरी गळपट्टे दिसू लागले. आधी थोडे, मग हजारो. न्यूटन हीथच्या कामगारांचा तो १८७८ चा रंग. क्लबच्या दुकानात तो मिळत नव्हता, त्यामुळे त्यावर खर्च केलेला पैसा मालकाकडे जात नव्हता. १० मार्चला एसी मिलानकडून डेव्हिड बेकहॅम आपल्या जुन्या मैदानावर खेळला. सामना संपला, आणि स्टँडमधून फेकलेला एक हिरवा-सोनेरी गळपट्टा त्याने उचलून गळ्यात घातला. तो काही बोलला असता तरी त्याहून जास्त ऐकू गेलं नसतं. त्याच वर्षी रेड नाइट्स नावाच्या धनिक चाहत्यांच्या गटाने क्लब विकत घ्यायची तयारी केली, पण मालकांच्या अपेक्षेइतका आकडा त्यांना पेलला नाही.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये क्लबचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले, १४ डॉलरला एक. सर्वसामान्य गुंतवणूकदाराच्या शेअरला एक मत, मालक कुटुंबाच्या शेअरला दहा. शिवाय विक्रीतून आलेल्या पैशातला निम्मा क्लबच्या कर्जाकडे गेला आणि निम्मा कुटुंबाकडे. ब्रॉडहर्स्ट पार्कात माणसामागे एक मत आणि न्यूयॉर्कमध्ये एका कागदामागे दहा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी स्वतःपुरती वेगळी सुपर लीग जाहीर केली. त्यातले सहा इंग्लंडचे, युनायटेड त्यांपैकी एक. रविवारी रात्री घोषणा झाली आणि मंगळवारच्या रात्रीपर्यंत सहाही जण माघारी फिरले. २ मे ला करोनामुळे रिकाम्या असलेल्या ओल्ड ट्रॅफर्डमध्ये चाहते घुसले, थेट मैदानात उतरले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. त्या दिवशीही हातात हिरवे-सोनेरी गळपट्टेच होते.

या सगळ्यात एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो आणि तो मला प्रामाणिकपणे सांगायलाच हवा, कारण त्याने माझ्याच मांडणीला धक्का बसतो. २०१० च्या नोव्हेंबरात पुण्याच्या वेंकीज या पोल्ट्री समूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २ कोटी ३० लाख पाउंडांना घेतला. मोजायला नऊ महिन्यांना थोडे कमी. सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं गाव, १८७५ चा क्लब, १८८८ च्या पहिल्या लीगमधला संस्थापक संघ. गावातल्याच जॅक वॉकर या पोलादवाल्याच्या पैशावर १९९५ चं अजिंक्यपद जिंकलेला. पुण्याच्या मालकांनी क्लबच्या सातबाऱ्यावर खरेदीचा बोजा चढवला नाही. उलट पुढच्या वर्षांत स्वतःचे वीस कोटी पाउंडांहून जास्त त्यात घातले. पैशाची दिशा खिशातून क्लबकडेच होती. तरी गाव खवळलं. विक्रीला महिना होतो न होतो तोच अनुभवी प्रशिक्षक सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढलं, निर्णय कुठे आणि कोण घेतं हे गावाला कळेना, आणि ७ मे २०१२ ला विगनकडून हरल्यावर अकरा वर्षांनी संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात प्रेक्षकांतून कुणीतरी मैदानात कोंबडी सोडली, अंगावर क्लबचे रंग गुंडाळलेली. पोल्ट्रीच्या मालकांना तो निरोप होता. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या पायरीवर उतरला, वर्षभरात पुन्हा वर आला. मधल्या काळात, २०११ च्या ऑक्टोबरात, संघ बालेवाडीला येऊन खेळून गेला होता. त्या मैदानापासून ब्लॅकबर्नचं अंतर साताएक हजार किलोमीटर. मला वाटतं, ब्लॅकबर्नच्या माणसाचं दुखणं पैशांत नव्हतं, या अंतरात होतं. वॉकर गावचाच होता. नवा मालक नव्हता.

न्यूकॅसलने तर उलटंच चित्र दाखवलं. ७ ऑक्टोबर २०२१ ला सौदी अरेबियाच्या सरकारी निधीच्या पुढाकाराने तो क्लब ३० कोटी ५० लाखांना विकला गेला आणि चाहते रस्त्यावर नाचले. चौदा वर्षं जुन्या मालकाला कंटाळलेली माणसं होती ती. मानवी हक्कांचे प्रश्न विचारणारेही त्या शहरात होते, पण त्या रात्री त्यांचा आवाज बुडाला. तो आनंद मला समजतो, तरी त्यात सामील व्हावंसं वाटत नाही.

जर्मनीत मात्र चाहत्यांच्या हातात नियमाचं बळ आहे. तिथल्या नियमानुसार क्लबातली निम्म्याहून एक मत जास्त सभासदांकडे असावं लागतं. म्हणून गुंतवणूकदारांनी तिथे क्लबाऐवजी अख्ख्या लीगच्या प्रक्षेपण हक्कांतला वाटा मागितला, ८ टक्के, २० वर्षांसाठी, एक अब्ज युरोपर्यंत रक्कम देऊन. डिसेंबर २०२३ मध्ये ३६ पैकी २४ क्लबांनी होकार दिला. लागत होती बरोबर दोन तृतीयांश मतं, म्हणजे २४ च. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर ठराव पडला असता, आणि सभासदांनी नकार द्यायला सांगितलेल्या एका क्लबाच्या प्रतिनिधीने गुप्त मतदानात होकार दिला असावा, अशी शंका घेतली गेली. पुढच्याच सामन्यांत पहिली बारा मिनिटं स्टेडियम चिडीचूप राहिली. मग सोनेरी वेष्टनातली चॉकलेटची नाणी मैदानात पडू लागली. फेब्रुवारीत टेनिसच्या चेंडूंचा पाऊस. शेकडो पिवळे चेंडू हिरवळीवर, खेळाडू कंबरेवर हात ठेवून उभे, मदतनीस पिशव्या घेऊन वेचताहेत. पुन्हा खेळ सुरू, पुन्हा चेंडू. प्रत्येक व्यत्यय थेट प्रक्षेपणात दिसत होता, म्हणजे जे विकायचं होतं त्या मालालाच हात घातला गेला होता. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने सौदा सोडून दिला. एक अब्ज युरो मोजायला एकतीस वर्षं आठ महिने लागतात. ते दोन-तीन युरोंच्या चेंडूंनी परतवले.

त्याच्या आदल्याच दिवशी मँचेस्टरमध्ये उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी युनायटेडचा चौथाईहून थोडा जास्त हिस्सा मिळवला होता, सुमारे सव्वा अब्ज पाउंडांना. मोजणीची चाळीस वर्षं, तीही पाव हिश्शासाठी. रॅटक्लिफ यांचा जन्म फेल्सवर्थचा, न्यूटन हीथला लागूनच असलेल्या गावचा. आता घरचा माणूस आला, असं पुष्कळांना वाटलं. १२ मे २००५ या दिवशी ज्यांचं सगळं उलटंपालटं झालं होतं, त्यांना १२ मे २०२४ हा दिवसही लक्षात राहिला. विक्रीला बरोबर एकोणीस वर्षं झाली होती, आर्सेनलकडून संघ घरच्या मैदानावर हरला, वादळी पाऊस आला आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या छताच्या एका कोपऱ्यातून पाण्याचा धबधबा खालच्या खुर्च्यांवर कोसळू लागला. व्याज, सल्लागारांची फी, लाभांश आणि कर्जफेड यांपायी तोवर एक अब्ज पाउंडांहून जास्त रक्कम क्लबबाहेर गेलेली होती. छप्पर तसंच होतं.

त्यानंतरच्या महिन्यांत साडेचारशेच्या आसपास नोकऱ्या कापायचं ठरलं. कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद झालं. मोसम चालू असताना उरलेल्या तिकिटांचा भाव सरसकट ६६ पाउंड झाला, मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही सवलत नाही. नातवाला घेऊन जाणाऱ्या आजोबांचे एका दुपारचे १३२ पाउंड. मुख्य कर्ज मात्र तेव्हाही, कित्येक वर्षांपासून, ६५ कोटी डॉलरवर ठाण मांडून होतं. इतके हप्ते, इतकं व्याज भरून मुद्दल जागचं हललेलं नव्हतं.

९ मार्च २०२५ ला पुन्हा आर्सेनलचाच सामना होता. हजारो चाहते काळे कपडे घालून ओल्ड ट्रॅफर्डवर चालत गेले. लाल नाही, हिरवा-सोनेरीही नाही, फक्त काळा. दोन दिवसांनी क्लबने एक लाख प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियमची घोषणा केली. खर्च दोन अब्ज पाउंड, मोजायला त्रेसष्ट वर्षं. चित्रं देखणी होती, तीन उंच सुळक्यांवर ताणलेलं तंबूसारखं छत. चाहत्यांनी चित्रं पाहिली आणि विचारलं, पैसे कुणाचे आणि बोजा कुणाच्या नावावर? २००५ सालच्या मे महिन्यात मोजायला बसलेला माणूस त्या दिवशी साडेबासष्ट कोटींच्या थोडा पुढे पोचला होता. त्याच्यासमोर अजून जवळजवळ साडेसोळा कोटी नाण्यांची रास शिल्लक होती.